नाताळनंतरचे तास

प्रिय नव्या टीचर,

खरं तर तुला 'बाई' म्हणणार होते, पण कॉन्व्हेंटमध्ये मराठीच्या बाईसुद्धा टीचरच. मीही निवृत्त होईपर्यंत टीचरच होते.

सोमवारी, 5 जानेवारीला, तुझी शाळा उघडेल. त्याआधी घरी बसून कॅलेंडर आणि टाइमटेबल शेजारी शेजारी ठेव आणि नववीचे मराठीचे तास मोज. परीक्षेला अजून तीन महिने आहेत, असं स्टाफरूममध्ये सगळे म्हणतील. त्यातून स्पोर्ट्स डेची प्रॅक्टिस वजा कर, 26 जानेवारीची परेड वजा कर. दहावीच्या प्रिलिमचं सुपरव्हिजन, शाळा बोर्डाचं केंद्र असेल तर ते दिवस, शिवजयंतीची सुट्टी, शिवाय तुझ्या तासावर डल्ला मारायला टपलेले गणिताचे सर. आठवड्याला चार तास धरले तरी हाताशी तीसेक उरले तर नशीब. मी पहिल्या वर्षी मोजलेच नाहीत. मग शेवटचे तीन धडे दोन तासांत वाचून टाकले आणि पेपर तपासताना माझंच पाप माझ्यापुढे गठ्ठ्याने आलं.

पोर्शन संपेल गं. धडा मुलं घरीही वाचतील. पत्र लिहिणं, उतारा वाचून उत्तर आपल्या शब्दांत मांडणं, हे मात्र वर्गात, तुझ्या डोळ्यांसमोर करून घे.

पहिल्या तासाला पुस्तक उघडू नकोस. सुट्टीत घरी काय रांधलं, कोण आलं, यावर दहा ओळी लिहायला सांग. आणि त्या वाचताना लाल पेन हातात धरू नकोस.

हे मी उशिरा शिकले. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगा होता, सहामाहीला ऐंशीपैकी एकवीस. 'मराठीत कच्चा' असा शिक्का आम्ही सगळ्यांनी मारून ठेवलेला. मुलगा ईस्ट इंडियन. नाव परदेशी वाटतं, पण माणसं ठाणे-साष्टीचीच. 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, इथल्या कॅथलिकांनी ते नाव घेतलं. घरी आजीशी त्याचं बोलणं मराठीतच व्हायचं, तिच्या वळणाच्या मराठीत. शाळेत तोंड उघडलं की वर्ग हसायचा. एकदा मीही हसले होते. जानेवारीत त्याने आजीचा बॉटल मसाला लिहून आणला: मिरच्या उन्हात किती दिवस, त्या कशा कुटायच्या, बाटलीत ठासून का भरायचं. शुद्धलेखनाच्या नावाने शंख होता, पण एक ओळ फुकट नव्हती. मी त्याला ते वर्गापुढे वाचायला लावलं, त्याच्याच बोलीत. कुणी हसलं नाही, उलट तिघांनी मसाला कुठे मिळेल विचारलं. त्यानंतर तो प्रमाण मराठी शिकायला तयार झाला. वार्षिकला चौतीस. चमत्कार म्हणता येणार नाही, पण पास.

तुझ्या वर्गात असा कुणी आहे का, ते शोध. आगरी घरातला असेल, मल्याळी असेल. सहामाहीपर्यंत नावं पाठ होण्यातच वेळ जातो. माणसं कळायला लागतात ती आत्ता.

27 फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाची असेंब्ली तुझ्याच गळ्यात पडेल. फेटे, लेझीम होऊ दे, पण पाच मिनिटं ख्रिस्तपुराणाला ठेव. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट धर्मगुरू. त्यांनी ख्रिस्ताच्या चरित्रावर मराठी ओवीत रचलेलं हे पुराण 1616 मध्ये गोव्यात छापलं, तेही रोमन लिपीत. व्हॉट्सअ‍ॅपवर इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करणाऱ्या मुलांना हे सांग आणि त्यांचे चेहरे बघ. सिस्टरही खूश होतील, हा वरचा फायदा.

आता एक कबुली. राखेचा बुधवार यंदा 18 फेब्रुवारीला आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्या सकाळी एक मुलगी कपाळावर काळपट डाग घेऊन वर्गात आली आणि मी सगळ्यांदेखत म्हणाले, "हे काय माखून आलीस? धुऊन ये." ती गेली आणि धुऊन आली, काहीही न बोलता. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये बघते तर निम्म्या टीचरांच्या कपाळावर तोच डाग. मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या, झावळ्या जाळून ती राख करतात, हे मला तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी मी तिची माफी मागितली, वर्गासमोरच, कारण बोलले होते वर्गासमोर.

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत कॅथलिकांचा उपवासकाळ. तेव्हा काही मुलं वाढदिवसाचं चॉकलेट घेतील आणि न खाता खिशात ठेवतील. आग्रह करू नकोस. यंदा त्याच आठवड्यात रमजानही सुरू होतोय, म्हणजे पीटीनंतर कुणी पाण्याला नाही म्हणालं तर तिथेही नको. शुक्रवारी खाऊची पार्टी ठेवायची असेल, तर आधी एखाद्या कॅथलिक टीचरला विचार. या काळात शुक्रवारी ते मांस खात नाहीत. मी कधीच विचारलं नव्हतं आणि एकदा चिकन पॅटिसचे दोन ट्रे तसेच परत गेले.

संक्रांतीला घरी ये. जांभळी नाक्यावरून तीळ आणून ठेवलेत. तास किती निघाले, ते मात्र त्याआधीच कळव.

तुझी,
जुनी टीचर