आधी पाणी ओळख, मग बर्फ

कोल्हापूर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. हिमनद्यांचा अभ्यास करायचा म्हटल्यावर तुझ्या घरच्यांनी विचारलं, "कोल्हापुरात कुठला आलाय बर्फ?" प्रश्न रास्तच आहे. आपल्या पायाखाली साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, पन्हाळ्यावर जांभा. शेवटच्या हिमयुगातसुद्धा सह्याद्रीवरून हिमनदी उतरली नव्हती. तरीही पहिलं वर्ष तू इथेच काढावंस असं मला वाटतं.

उन्हाळ्यात गगनबावड्याच्या बाजूला कुंभीच्या पात्रात उतर. चपटे गोटे कौलांसारखे एकमेकांवर रेललेले दिसतील, आणि त्यांचा कल उगमाकडे असेल. पाणी दगड निवडतं, सुपात पाखडल्यासारखं. मोठे एकीकडे, वाळू दुसरीकडे, गाळ आणखी खाली. बर्फ निवडत नाही. घराएवढा धोंडा आणि पिठासारखी भुकटी तो एकाच ढिगात टाकून जातो. त्या ढिगाला हिमोढ म्हणतात. पाण्याची निवड ज्याच्या डोळ्यांत मुरली आहे, त्यालाच हा न निवडलेला ढीग खटकतो.

पण तेवढ्यावर निकाल देऊ नकोस. मी पहिल्यांदा हिमाचलमधल्या लाहौलला गेलो तेव्हा असाच मिसळलेला ढीग पाहिला आणि वहीत 'हिमोढ' लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी वर चढून पाहिलं, तर तो ओढ्यानं चिखलासकट खाली लोटलेला राडा होता. ओरखडे असलेला एकही दगड त्यात नव्हता. ते पान मी फाडलं नाही, अजून आहे. ढीग दिसला की आधी दगड उलटून बघ: बाजू घासून सपाट झाल्यात का, त्यांवर ओरखडे आहेत का, आणि हा खडक या दरीतला आहे की लांबून आलाय? मग पन्नासेक लांबट दगडांची दिशा होकायंत्रानं मोज. बर्फाखाली दाबून ओढले गेलेले दगड बहुधा वाहण्याच्या दिशेला धरून लोळतात. कंटाळवाणं काम आहे, पण मला सगळ्यांत जास्त त्यानंच शिकवलं.

नजर तयार नसेल तर काय होतं, हे डार्विनचं उदाहरण सांगतं. १८३१ साली तो सेजविक या भूशास्त्रज्ञाबरोबर वेल्समधल्या कुम इडवाल या दरीत तासन्‌तास जीवाश्म शोधत हिंडला. भोवती ओरखडलेले खडक, लांबून येऊन बसलेले धोंडे, हिमोढांच्या रांगा होत्या. दोघांनाही एकही खूण दिसली नाही. १८३७ मध्ये अ‍ॅगासी या स्विस शास्त्रज्ञानं हिमयुगाची कल्पना जाहीरपणे मांडली. १८४२ मध्ये डार्विन त्याच दरीत परत गेला, आणि आगीत जळालेलं घरसुद्धा आपली कथा इतकी स्पष्ट सांगणार नाही, अशा अर्थाचं त्यानं पुढे लिहून ठेवलं. दरी तीच होती. आणि अ‍ॅगासीच्याही आधी आल्प्समधला पेरोदाँ नावाचा शिकारी सांगत होता की हे ओरखडे हिमनदीचेच. म्हणून हिमालयात जाशील तेव्हा तिथल्या मेंढपाळांशी आधी बोल.

बर्फ स्वतः मऊ असतो. खडक कोरतात ते त्याच्या तळाशी अडकलेले दगड, पॉलिश पेपरवरच्या खड्यांसारखे. हे पाहायला हिमालयच हवा असं नाही. आपल्याच राज्यात, चंद्रपूरकडे पैनगंगेकाठी इरईजवळ, चुनखडीच्या जुन्या फरशीवर नांगराच्या तासांसारखे समांतर ओरखडे आहेत. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी भारत दक्षिण ध्रुवाच्या बराच जवळ होता, तेव्हाच्या बर्फाचे. मी तिथे गुडघे टेकून बोट फिरवलं होतं. तुलाही तिथे न्यायचंय मला.

घरच्यांना उपयोग सांगायचा असेल तर केदारनाथचं सांग. जून २०१३ मध्ये अतिवृष्टी झाली आणि वरचा चोराबारी तलाव फुटला. त्याला अडवून धरणारा बांध म्हणजे हिमनदीनं मागे टाकलेला सैल हिमोढ होता. कुठला ढीग कशाचा आणि तो पाण्यापुढे कितपत तग धरेल, हे ओळखणारी माणसं आपल्याला हवी आहेत. गणित सोडू नकोस, उपग्रहाची चित्रं वाचायला शीक. बाकीचं विद्यापीठात होईल.

आणि गगनबावड्याच्या कड्यावर उभी राहशील तेव्हा पश्चिमेकडे बघ. साधारण २०,००० वर्षांपूर्वी जगातलं इतकं पाणी बर्फात अडकलं होतं की समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. कोकणचा किनारा पार पलीकडे सरकलेला, आपला मान्सूनही आजच्याहून दुबळा. बर्फ इथे आला नाही, पण त्यानं इथलं पाणी नेलं होतं.

कुंभीच्या पात्रातल्या शंभर गोट्यांचा कल मोजून झाला की वही घेऊन रविवारी सकाळी घरी ये. पेन्सिलीनंच लिही, शाई ओली झाली की पसरते.

तुझे,
सर