गरिबांना सरकारी पैसा दिल्याने लोक आळशी होतात का? आणि वारसा कर परत आणावा का?

तुमच्या प्रश्नातलं "लोक आळशी होतात" हे वाचलं आणि राहवलं नाही, नाहीतर मी इथे फक्त वाचत असतो.

हेच वाक्य मी 1994 साली घरच्या लग्नात पंगतीला बसून ऐकलंय. आमचे थोरले चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, पुण्यात नोकरीला होते. पगारातून प्रोफेशन टॅक्स कापतात यावरून विषय निघाला आणि दहा-पंधरा माणसांसमोर ते म्हणाले, "आमच्या पगारातून कापायचं आणि इकडं यांची रोजगार हमी चालवायची, माणसं नुसती आळशी करून ठेवलीत सरकारनं." आई तेव्हा भात वाढत होती. "भाऊजी, अजून वाढू का?" एवढंच म्हणाली आणि पुढच्या पानाकडं गेली. मी सतरा वर्षांचा होतो, मला काही बोलता आलं नाही, ते आत्ता बोलतोय असं समजा.

तात्यांचं अर्धं खरं होतं, ते आधी सांगतो. प्रोफेशन टॅक्सचा कायदा 1975 चा आणि तो रोजगार हमीसाठीच आणला होता. शहरातल्या पगारदारांकडून जेवढं जमेल तेवढीच रक्कम राज्य सरकारने आपली घालायची आणि त्यातून खेड्यात मागेल त्याला काम द्यायचं. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते, त्यांची ही कल्पना. 72 च्या दुष्काळात योजना सुरू झाली, 1977 ला कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. कामाचा हक्क कायद्यात लिहिणारं महाराष्ट्र पहिलं राज्य, केंद्राचा कायदा त्यानंतर थेट 2005 ला आला. मला याचा अभिमान आहे आणि आपल्याकडच्या नोकरदार लोकांना हे माहीतच नसतं याचा रागही येतो.

पण आळशी? आमचं गाव माणदेशातलं, म्हणजे कायम दुष्काळी भागातलं. 72 ला आई सोळा वर्षांची होती, तिच्या माहेरी रस्त्याचं काम निघालं होतं तिथं तिनं खडी फोडली, दुष्काळी कामावर खायला मिळायची ती सुकडी खाल्ली. पुढं लग्न होऊन आमच्याकडं आली आणि 86 च्या उन्हाळ्यात गावच्या ओढ्यावर पाझर तलावाचं काम निघालं तेव्हा परत मस्टरवर, म्हणजे मजुरांच्या हजेरीपटावर, नाव. मी नऊ वर्षांचा, धाकटा भाऊ बाभळीला बांधलेल्या झोळीत, त्याला झोका द्यायचं काम माझं. पुरुष खोदायचे, बाया पाटीनं माती वाहायच्या, सकाळपासून ऊन डोक्यावर येईपर्यंत आणि परत दुपारनंतर. पगार मोजमापावर. चौकडी, म्हणजे मापाचा खड्डा, जेवढी खोदली तेवढेच पैसे, नुसतं बसून काही मिळत नव्हतं, आणि मोजमापात मारलं तर भांडायला कोण जाणार. आळशी माणूस त्या कामावर दोन दिवस टिकला नसता.

मग ही "आळशी"ची ओरड होती कुणाची? गावातल्या बागायतदारांची. रोजगार हमीचं काम निघालं की त्यांना खुरपणीला बाया मिळेनात, मिळाल्या तर आधीच्या मजुरीवर येईनात. बाई सरकारी कामावर जाते म्हणजे ती आळशी नाही हो, ती तुम्ही ठरवलेल्या मजुरीला नाही म्हणू शकते, हे खरं दुखणं होतं. या योजनेनं गरिबी किती हटली हे मला आकड्यात सांगता येणार नाही पण हा फरक मी डोळ्यानं बघितलाय.

आता तलावाचं पुढं काय झालं ते ऐका, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. आजोबांच्या जमिनीची वाटणी झाली तेव्हा तात्यांच्या वाट्याला ओढ्याकडची जमीन आली, आमच्याकडं वरचा माळ. तेव्हा दोन्हीकडं बाजरीच पिकायची म्हणून कुणी तक्रार केली नाही. तलाव झाला, पाणी मुरलं आणि खालच्या अंगाच्या विहिरींना पाणी आलं. तात्यांची विहीर खालच्या अंगाला. त्यांची जमीन बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं कसायला दिलेली होती, वाटेकरी डाळिंब करायला लागला, अर्धा पैसा पुण्याला. आमच्या माळाला थेंबभर फायदा नाही, पाणी काय चढावर जात नसतं. म्हणजे माती आईनं वाहिली आणि पाणी त्यांच्या विहिरीत गेलं, आणि पंगतीत आळशी कोण तर आम्ही! 2011 ला त्यांनी ती जमीन विकली, खेड्यातली शेतजमीन म्हणून विक्रीच्या नफ्यावर टॅक्स शून्य, त्या पैशात पुण्यात दुसरा फ्लॅट घेतला, ते गेल्यावर दोन्ही फ्लॅट चुलतभावाला, तिथेही टॅक्स शून्य. यातला एकही रुपया बेकायदा नाही. पण हाच चुलतभाऊ परवा मला म्हणाला की ज्यानं त्यानं कष्टानं मिळवावं.

वारसा कर आपल्याकडं होता, 1953 पासून. शेवटी शेवटी 20 लाखांच्या वरच्या भागावर 85 टक्के दर होता आणि वर्षाला जमायचे जेमतेम 20 कोटी, म्हणून 1985 च्या बजेटमध्ये तेव्हाचे अर्थमंत्री वि. प्र. सिंगांनी बंद केला. 1973-74 ला इन्कम टॅक्सचा वरचा दर 97.75 टक्के होता, बरोबर त्याच उन्हाळ्याच्या आसपास आई खडी फोडत होती. त्यामुळे नुसता दर चढवून समता येते हे मला कुणी सांगू नये, एवढा दर ठेवला की लोक पळवाटाच शोधतात. पण म्हणून सगळंच सोडून द्यायचं? संपत्ती कर 2015 च्या बजेटमध्ये गेला, 2019 ला कंपन्यांचा दर 30 वरून 22 वर आला. आणि 2022-23 चा वर्ल्ड इनिक्वॅलिटी लॅब या विषमतेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचा अंदाज असा की वरच्या 1 टक्का लोकांकडं देशाची 40 टक्के संपत्ती आहे. माझं स्पष्ट मत, वारसा कर परत आणा, दर कमी ठेवा, पळवाटा बंद करा, आणि आलेला पैसा कुठं खर्च होणार ते कायद्यातच लिहा, जसं 75 ला लिहिलं होतं.

आणि तो प्रोफेशन टॅक्स! घटनेत त्याला वर्षाला 2500 ची मर्यादा आहे, 1988 पासून तीच. माझी पहिली पगाराची स्लिप आईला दाखवली तेव्हा त्यात तो कापलेला होता, ती म्हणाली कापू दे. मी आनंदानं भरतो, पण आमच्या ऑफिसातला शिपाईही 2500 भरतो आणि कोट्यवधी पगार घेणारा मोठा साहेबही तेवढेच भरतो, हे चूक आहे आणि ते बदलायला हवं.

एक दोन गोष्टी राहिल्या. मस्टरवर खोटी नावं असायची, मुकादम पैसे खायचे, पगार महिना महिना थकायचा, हे सगळं खरं आहे, मी बघितलंय. आणि वारसा कर आणला तरी माझ्या चुलतभावासारख्याचे दोन फ्लॅट त्यात येऊ नयेत असंच मला वाटतं, मर्यादा बरीच वर ठेवायला हवी, माझा राग त्याच्या बोलण्यावर आहे, फ्लॅटवर नाही.

हे लिहून आईला वाचून दाखवलं. म्हणाली, तलावाची माती आम्ही तीस-चाळीस बायांनी वाहिली, माझ्या एकटीचं काय लिहितोस.