शेजाऱ्याच्या तणनाशकाने विहिरीचं पाणी बिघडलं, तर दाद कुठे मागायची?

प्रश्न : आमची पिण्याच्या पाण्याची विहीर बांधालगत आहे. शेजारी मक्यात तणनाशक मारतो आणि फवारणीचा पंपही बांधावरच धुतो. पहिल्या पावसानंतर पाण्याला वास येऊ लागला. कृषी कार्यालयात अर्ज दिला, तर ‘हे आमच्या हातात नाही’ म्हणाले. काय करावं?

उत्तर : आधी ते पाणी पिणं थांबवा. उकळून किंवा तुरटी फिरवून तणनाशक जात नाही.

कार्यालयाने सांगितलं ते बरंचसं खरं आहे. कीटकनाशक कायदा, १९६८ तणनाशकांनाही लागू होतो, पण कलम ३८ने स्वतःच्या कसणुकीतल्या जमिनीवरचा वापर त्यातून वगळला आहे. त्या कायद्याखालचा निरीक्षक विक्रेत्याला जाब विचारू शकतो, शेजाऱ्याला नाही. तेव्हा तुमचा खरा रस्ता दिवाणी न्यायालयाचा. तिथे नुसत्या वासावर काही मिळत नाही, पुरावा लागतो.

सगळ्यात आधी औषधाचं नाव मिळवा. रिकाम्या बाटलीच्या लेबलचा फोटो काढा, पण त्यासाठी त्याच्या रानात शिरू नका. फवारणीच्या आणि पावसाच्या तारखा लिहून ठेवा. मग एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत तो घटक नाव घेऊन तपासायला सांगा. ‘पाणी तपासा’ एवढंच म्हटलं तर क्षार आणि जंतू तपासून अहवाल हातात देतात, आणि तो दाव्यात निरुपयोगी ठरतो. मक्यात बहुधा अ‍ॅट्राझिन हे तणनाशक मारतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) त्याची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे, २,४-डी या दुसऱ्या तणनाशकाची ३०. ग्लायफोसेट या तणनाशकाची मर्यादा त्या मानकात नाही. शिवाय ते कीटकनाशकांच्या नेहमीच्या एकत्रित चाचणीत सापडत नाही, वेगळी चाचणी मागावी लागते.

नमुन्याची बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या. शेजाऱ्याला लेखी कळवून दोन पंचांसमोर नमुना भरा, सील करा, पंचनामा करा आणि बर्फात ठेवून लगेच पोहोचवा. चढाच्या बाजूच्या एखाद्या विहिरीचाही नमुना घ्या. ती स्वच्छ निघाली तर ‘हे वरूनच येतं’ हा बचाव लटका पडतो. तुम्ही स्वतः तेच औषध वापरत असाल तर वकिलापासून लपवू नका. उलटतपासणीत ते निघतंच.

आता शेजाऱ्याला द्यायची नोटीस. माझ्या मते ती वगळणं ही मोठी चूक ठरेल. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, १९७४च्या कलम २४मध्ये विहिरीचा स्पष्ट उल्लेख आहे, पण कृत्य ‘जाणूनबुजून’ केलेलं असावं लागतं. अहवाल जोडलेली नोटीस पोचल्यावर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणणं त्याला जड जातं. त्यानंतरही प्रकार चालू राहिला, तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करा. पोलिसांत भारतीय न्याय संहितेचं कलम २७९ लावायचा आग्रह धरू नका. ते सार्वजनिक पाणवठ्यापुरतं आहे. विषारी पदार्थाच्या हलगर्जी वापराचं कलम २८६ लागू शकतं.

दाव्याला आधार सुविधाधिकार कायदा, १८८२च्या कलम ७चा. जमिनीतून पाझरून येणारं पाणी दुसऱ्याने अवाजवी दूषित करू नये, हा जमीनमालकाचा हक्क तिथे मान्य केला आहे. कायम मनाई मागा, सोबत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९खाली तात्पुरती मनाई, आणि आदेश २६ नियम १०-अखाली शास्त्रीय तपासणीसाठी कोर्ट कमिशनर, म्हणजे न्यायालयाने नेमलेला तपासनीस. नुकसानभरपाईही मागायची असेल तर ३ वर्षांच्या आत दावा लावा.

मागणी मोघम नको. ‘फवारणी बंद करा’ म्हणाल तर त्याचा शेती करण्याचा हक्क आडवा येईल. बहुतेकदा पाणी फवारणीपेक्षा पंप धुण्याने आणि औषध कालवताना सांडल्याने बिघडतं. म्हणून पंप धुणं, औषध कालवणं आणि रिकामे डबे टाकणं विहिरीजवळ मना करावं, बांधालगतच्या पट्ट्यात खुरपणीच करावी, पावसाचं पाणी चर काढून वळवावं, असं मोजमापासह मागा. तुमच्या विहिरीला कठडा नसेल तर तो आधी बांधा, नाहीतर दोष तुमच्याही माथी येईल.

दावा चालू असताना समझोता झाला, तर तो त्याच संहितेच्या आदेश २३ नियम ३खाली न्यायालयात नोंदवून घ्या. त्याचा हुकूमनामा होतो, आणि पुढच्या हंगामात त्याने शब्द मोडला तर नवा दावा न लावता थेट दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, करता येते.