ब्रेन हॅमरेजनंतर बीपी लगेच उतरवलं तर मेंदूला रक्त कमी पडतं का?

तुमच्या काकांचं वरचं बीपी २०० होतं, डॉक्टर ते तासाभरात १४० पर्यंत आणतायत, आणि घरचे म्हणतायत की अशाने मेंदूला रक्तच मिळणार नाही. हेच मी सहा वर्षं माझ्या मोठ्या भावाकडून ऐकतोय.

शर्टाची बटणं लावता लावता बाबांचा उजवा हात थांबला. सीटीत मेंदूच्या आत रक्तस्राव दिसला, बीपी २१०. आयसीयूत औषधाचा पंप लावला, दर पंधरा मिनिटांनी बीपी बघत होते. दादा सिस्टरांशी भांडायला लागला: "दाब कमी केला तर वरच्या मजल्यावर पाणी चढतं का? बंद करा ते!" त्याच्या मित्राला गुठळीचा स्ट्रोक झाला होता, तेव्हा डॉक्टरांनी बीपी मुद्दाम चढं राहू दिलं होतं. आमचे डॉक्टर एवढंच म्हणाले, "तिथे नळी तुंबली होती, इथे फुटलीय."

नळी फुटली की पहिल्या काही तासांत मेंदूत रक्त साठत जाण्याची भीती असते, म्हणून दाब उतरवतात. दादाची शंका अगदी तपासून पाहिलेली आहे. २०१३ च्या अडॅप्ट चाचणीत ब्रेन हॅमरेजच्या ७५ रुग्णांपैकी काहींचं बीपी १५० च्या खाली, बाकीच्यांचं १८० च्या खाली आणलं आणि सीटी परफ्यूजन या स्कॅनने मेंदूतला रक्तप्रवाह मोजला. साठलेल्या रक्ताच्या गाठीभोवतीच्या प्रवाहात दोन्ही गटांत फरक नव्हता. तिथे प्रवाह मुळातच थोडा कमी असतो, कारण दुखावलेल्या पेशींची मागणीच घटलेली असते. शिवाय दाब उतरला की बारीक धमन्या रुंदावून प्रवाह सांभाळतात.

दादा आजही म्हणतो की त्या पंपामुळे बाबांचा हात गेला. साफ खोटं. पंप लावायच्या आधी कॅज्युअल्टीत तो हात माझ्या हातात होता, लोळागोळा. दुसऱ्या दिवशीच्या सीटीत गाठ वाढलेली नव्हती.

पण म्हणून बीपी कितीही पाडायचं नाही. २०१६ च्या अटॅच-२ चाचणीत ११० ते १३९ पर्यंत उतरवून जास्त फायदा झाला नाही, उलट किडनीचे त्रास वाढले. म्हणून साधारण १३० ते १५० मध्ये, हेलकावे न देता ठेवतात. जुनं बीपी असेल तर धमन्यांना चढ्या दाबाची सवय झालेली असते, तिथे एकदम खाली आणणं धोक्याचं. रक्तस्राव खूप मोठा असेल किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर हे आकडे तसेच लागू होत नाहीत. काकांचं लक्ष्य किती ठेवलंय आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) किती आहे, हे डॉक्टरांना विचारा.

आणि घरी आल्यावर गोळ्या. बाबांनी त्या चार महिने बंद केल्या होत्या, कारण "बीपी नॉर्मल आलंय, आता कशाला?" असं दादाच म्हणाला होता. तुमच्याकडे कोणी असं म्हणालं, अगदी मोठा भाऊ असला तरी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी सोडू देऊ नका.