काटकोनातलं बल आणि वर्तुळ: आधी बाण काढ

वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूला बल आत ओढतंय, मग ती केंद्राकडे पडत का नाही, हा तुझा प्रश्न अगदी योग्य आहे. ती पडतेच! अंतराळ स्थानक सुमारे ४०० किमी उंचीवरून सेकंदाला साधारण ७.७ किमी जातं आणि तेवढ्यात सरळ रेषेपासून चारेक मीटर खाली येतं. सरळ गेल्याने पृथ्वीपासूनचं अंतर जेवढं वाढलं असतं, तेवढंच या पडण्याने भरून निघतं.

सूत्र पाठ करू नकोस, वेगाचे बाण काढ. बल वेगाला काटकोनात असेल तर त्याने केलेलं कार्य शून्य, म्हणजे ते ऊर्जा देत-घेत नाही, म्हणून चाल (वेगाचा आकडा) तीच राहते. फक्त दिशा वळते. इथेच बरेच जण घसरतात, कारण ते एक गोष्ट विसरतात: वर्तुळासाठी वेग वळला की बलानेही सोबत वळायला हवं. तिरक्या फेकलेल्या चेंडूवरचं बल सर्वोच्च बिंदूला काटकोनात असतं खरं, पण ते खालीच रोखलेलं राहतं, म्हणून मार्ग अन्वस्त (पॅराबोला) होतो. बल सतत काटकोनात आणि तेवढंच असेल, तर मार्ग सगळीकडे सारखाच वाकतो. सगळीकडे सारखा वाकणारा सपाटीवरचा मार्ग म्हणजे वर्तुळच.

एकसमान चुंबकीय क्षेत्रात काटकोनात शिरलेला इलेक्ट्रॉन हे याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण. ते आधी सोडव. आणि जमिनीवरून पाहत असशील तर आकृतीत अपकेंद्री बल, म्हणजे वस्तूसोबत फिरणाऱ्यालाच जाणवणारं बाहेर ढकलणारं बल, अजिबात काढू नकोस.