टोनी आयोमीची बोटं आणि त्याच्या तारा: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात ब्लॅक सॅबथ या इंग्लंडमधल्या बँडवर लिहिताना त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या तुटलेल्या बोटांचा मी एका ओळीत उल्लेख केला होता. सगळ्यात जास्त पत्रं त्या ओळीवर आली. माझं निम्मं आयुष्य त्याचे रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारे छोटे स्वरसमूह) वाजवण्यात आणि शिकवण्यात गेलं आहे, त्यामुळे हे सदर या वेळी पूर्ण त्यालाच देते.

बोटांची टोकं नसताना तो गिटार वाजवायचा, हे खरं आहे की चाहत्यांनी रंगवलेली गोष्ट? तो प्लास्टिकची बोटं लावायचा असंही ऐकलं. (गिटार शिकणारी एक विद्यार्थिनी)

अगदी खरं आहे. आयोमीचा जन्म १९४८ चा, बर्मिंगहॅमचा. सतराव्या वर्षी तो पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा. एका बँडबरोबर युरोपला जायचं ठरलं, म्हणून त्याने नोकरी सोडली. अपघात झाला तो कामाचा शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा ‘आता परत जात नाही’ म्हणाला होता, पण आईने दिवस पुरा करून यायला लावलं. पत्रा दाबायच्या प्रेसवरचा कामगार त्या दिवशी आला नव्हता, तर याला तिथे उभं केलं. यंत्र हातावर उतरलं, त्याने झटक्यात हात मागे ओढला आणि मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं तुटून गेली. हात उजवा होता, पण आयोमी डावखुरा. म्हणजे तारा दाबायची बोटंच गेली. डॉक्टरांनी सांगितलं, गिटार विसर.

घरी खचून बसला असताना कारखान्यातला त्याचा वरिष्ठ एक रेकॉर्ड घेऊन आला. ती जँगो राइनहार्ट या जॅझ गिटारवादकाची होती. १९२८ मध्ये गाडीघराला लागलेल्या आगीत जँगोच्या डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी जवळजवळ निकामी झाली होती, आणि तरी उरलेल्या दोन बोटांवर तो असे सोलो वाजवायचा की ऐकणाऱ्याला पटू नये.

आता तुझ्या प्लास्टिकच्या बोटांकडे येते. पूर्ण बोटं नव्हेत ती, टोकांवर बसणाऱ्या टोप्या. भांडी घासायच्या द्रव साबणाची रिकामी बाटली आयोमीने वितळवली, प्लास्टिकचा गोळा केला, तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने त्याला बोट शिरेल एवढं भोक पाडलं आणि सँडपेपरने घासत घासत आकार दिला. नुसतं प्लास्टिक तारेवरून घसरतं. मग जुन्या जॅकेटचं चामडं कापून वर चिकटवलं. चामडं फार मऊ असलं की तार धरत नाही, फार कडक असलं की घसरते. हे सगळं त्याने स्वतःच, करून करून जमवलं.

माझ्या विद्यार्थ्यांना मी त्या दोन बोटांवर जाड चिकटपट्टी गुंडाळून वाजवायला लावते. तूही करून बघ. जोर कमी पडेल असं वाटतं, पण खरी अडचण वेगळीच निघते. बोटाखाली तार आहे की नाही, हेच कळत नाही. डोळ्यांनी बघावं लागतं, नाहीतर कानांनी. आणि कळत नसल्यामुळे आपण नको तितकं दाबतो, सूर वर चढतो. आयोमीला तारा हलक्या हव्या होत्या, कारण त्या दाबायला जोर कमी लागतो. त्या काळात त्याला हलक्या तारांचे संच मिळत नव्हते, कंपन्या म्हणायच्या की असल्या तारा कोणी घेणार नाही. आयोमीने पहिल्या दोन जागी बँजोच्या बारीक तारा लावल्या आणि गिटारच्या तारा जाड तारांच्या बाजूला एकेक जागा सरकवल्या.

मी डावखुरा आहे. शिक्षक म्हणतात उजव्या हाताचीच गिटार शिक. आयोमीने काय केलं?

गिब्सन कंपनीची एसजी ही गिटार त्याला उजव्या हाताची मिळाली, तर ती उलटी धरून वाजवली. पुढे त्याला एक गिटारवादक भेटला, त्याच्याकडे डावखुऱ्याची गिब्सन एसजी होती आणि तो ती उलटी धरून वाजवत होता! दोघांनी अदलाबदल केली. पहिल्या अल्बमच्या रेकॉर्डिंगला आयोमीची मुख्य गिटार फेंडर स्ट्रॅटोकास्टर होती. तिचा पिकअप (तारांची कंपनं टिपणारा भाग) बिघडला, तेव्हा जोडीला आणलेली एसजी त्याने हातात घेतली आणि पुढे तीच त्याची ओळख झाली.

अपघातानंतर उजव्या हाताच्या वादनाकडे वळायचा विचार त्याच्याही मनात आला होता, पण सगळं नव्याने शिकायचा धीर नव्हता. तुम्ही अगदी सुरुवातीला असाल तर दोन्ही बाजूंनी धरून बघा आणि हाताला जे पटेल ते ठेवा. शिक्षकांच्या सोयीसाठी बाजू बदलू नका.

ब्लॅक सॅबथचं पहिलंच गाणं ऐकताना अंगावर काटा येतो. त्यात एवढं काय आहे? मी पेटी वाजवतो, गिटार येत नाही.

पेटी आहे ना, मग पाच मिनिटांत हातात येईल. खालचा सा वाजवा, मग वरचा सा, मग खाली उतरून तीव्र मध्यमावर थांबा. थांबा म्हणजे खरंच थांबा, तो स्वर धरून ठेवा. संपलं. तीन स्वरांचा रिफ आहे. पंचमावर गेलो असतो तर जिवाला विसावा मिळाला असता, पण हा त्याच्या अर्धा स्वर अलीकडे अडवून ठेवतो आणि पंचमावर विसावतच नाही. आपल्याकडे तीव्र मध्यमाभोवती इतर स्वर असतात, राग त्याला सांभाळून घेतो. इथे तो षड्जासमोर एकटा उभा आहे.

दुसरी गोष्ट लय. इतक्या संथ चालीत वाजवायला फार धाडस लागतं, कारण दोन स्वरांमधली रिकामी जागा ड्रमवाल्याने सांभाळावी लागते. बिल वॉर्ड ती सुंदर सांभाळतो. हे गाणं ज्यात आहे तो पहिला अल्बम १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनला जवळजवळ एका दिवसात रेकॉर्ड झाला आणि १३ फेब्रुवारी १९७० ला, शुक्रवारी, बाहेर आला.

माझ्या मुलाच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक कामावर गेलं. तो चांगली गिटार वाजवायचा. नातेवाईक त्याला आयोमीचं उदाहरण देतात, ‘अपघात झाला म्हणूनच तो मोठा झाला’ म्हणतात. मुलगा चिडून उठून जातो. त्याला काय सांगू? (एक आई)

मुलाचा राग रास्त आहे, आणि त्या वाक्याचा मलाही राग येतो. अपघाताने आयोमीला वेदना दिल्या. बाकी जे आहे ते त्याने एकेक अडचण सोडवत मिळवलं. टोपी केली, तारा बदलल्या, मग १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’ अल्बममध्ये बऱ्याच गाण्यांसाठी गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली. तार तेवढी उतरवली की तिच्यावरचा ताण जवळजवळ २९ टक्क्यांनी कमी होतो, बोटांना उसंत मिळते. आवाजही खर्जाकडे झुकतो, जड होतो, आणि त्या जडपणावर पुढे हेवी मेटल या रॉकच्या प्रकारातल्या कितीतरी बँडनी आपली इमारत उभी केली. त्याच्या हाताची ठेवणही बघण्यासारखी आहे. मोठे कॉर्ड (एकदम वाजवायचे अनेक स्वर) जमत नव्हते, म्हणून सा आणि प असे दोनच स्वर तर्जनी आणि करंगळीने धरायचे आणि ते भरीव वाजतील असं बघायचं. यातलं काहीही अपघाताने शिकवलेलं नाही.

तुमच्या मुलासाठी आज वाट त्या मानाने सोपी आहे. आधी जखम पूर्ण बरी होऊ द्या, डॉक्टर हो म्हणेपर्यंत गिटारचं नावही काढू नका. नंतर ज्यातली सगळ्यात बारीक तार ०.००९ इंचाची किंवा त्याहून बारीक आहे असा संच घ्या, आता तो सहज मिळतो. चांगल्या कारागिराकडून तारा आणि फ्रेटबोर्ड (तारा जिच्यावर दाबतात ती पट्टी) यांच्यातलं अंतर कमी करून घ्या. गिटार दोन-तीन अर्धस्वर उतरवा. टोपी बोटाच्या मापाने करावी लागेल, हात पुनर्वसनाचं काम करणाऱ्या थेरपिस्टला विचारा. बोटात स्लाइड (तारांवरून सरकवायची नळी) घालून वाजवणं हाही एक मार्ग आहे. आणि आयोमीची गोष्ट त्याला सांगू नका, निदान आता नको. मुलगा स्वतः त्याच्याकडे जाईल तेव्हा ती त्याच्या उपयोगाची होईल. तोवर घरात कोणी उदाहरण दिलं तर तुम्ही मुलाच्या बाजूने उभ्या राहा.

गायक ऑझी ऑस्बोर्न बँडमधून गेल्यावर मागे राहिलं काय?

आयोमी राहिला. सगळे आले-गेले, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग असा तो एकटाच. ऑझीला १९७९ मध्ये काढलं, रॉनी जेम्स डिओ आला आणि १९८० चा ‘हेवन अँड हेल’ निघाला. मला तो बँडच्या सर्वोत्तम कामांत वाटतो. पुढच्या काही वर्षांत गायक बदलत राहिले, अल्बम कमीजास्त झाले, त्यावर फार शाई खर्च करत नाही. आयोमीच्या शिस्तीची एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. १९६८ च्या शेवटी तो काही आठवडे जेथ्रो टल या बँडमध्ये होता. तिथे सकाळी ठरल्या वेळी तालमीला हजर राहावं लागे. परत आल्यावर त्याने आपल्या पोरांनाही तीच सवय लावली. बर्मिंगहॅमच्या अॅस्टन भागातली ही चौघं पोरं त्यामुळेच टिकली, असं मला मनापासून वाटतं.

२०१२ च्या सुरुवातीला त्याला लिम्फोमा (एक प्रकारचा कर्करोग) झाल्याचं निष्पन्न झालं. उपचार चालू असतानाच त्याने ‘१३’ या अल्बमचं काम केलं आणि २०१३ मध्ये तो ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, १९७० च्या ‘पॅरानॉइड’नंतर पहिल्यांदाच. निरोपाचा दौरा ४ फेब्रुवारी २०१७ ला बर्मिंगहॅममध्ये संपला. ५ जुलै २०२५ ला अॅस्टनमधल्या व्हिला पार्क मैदानावर मूळचे चौघं पुन्हा एकत्र वाजले. २२ जुलैला ऑझीचं निधन झालं.

नवख्याने कुठून ऐकायला सुरुवात करावी?

‘पॅरानॉइड’पासून करा, चाली लगेच पकडतात. मग ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’. त्यातलं ‘इंटू द व्हॉइड’ गिटारवर बसवायचं असेल तर तारा आधी तीन अर्धस्वर उतरवून घ्या. नेहमीच्या सुरात स्वर जुळतील, पण वजन येणार नाही. आणि गती वाढवू नका, माझे सगळे विद्यार्थी तिथेच घाई करतात.