उत्तर बघितलं की कळतं, पण...

प्रश्न: सर, मी औशाची, बारावीला लातूरला खोली करून राहते. सीईटीसाठी गणिताचे रोज 60 प्रश्न करते. अडलं की उत्तर बघते, तेव्हा सगळं कळतं. पण सराव पेपरात 30 प्रश्नांतच वेळ संपतो. काय चुकतंय?

उत्तर: लेकरा, 60 चे 25 कर. सीईटीत गणिताला 90 मिनिटांत 50 प्रश्न, म्हणजे एकाला 1 मिनिट 48 सेकंद. एवढ्यात रीत शोधून होत नाही, ती बघताक्षणी ओळखावी लागते.

हे इंटिग्रेशन घे: वर रूट साइन एक्स, खाली रूट साइन एक्स अधिक रूट कॉस एक्स, सीमा शून्य ते पाय बाय टू. सब्स्टिट्यूशन करत बसलीस तर पान भरेल. एक्सच्या जागी पाय बाय टू वजा एक्स ठेव. वरच्या साइनचा कॉस होतो, खालचं तसंच राहतं. दोन्ही इंटिग्रल मिळवले की आत नुसता 1 उरतो. बेरीज पाय बाय टू, म्हणून उत्तर पाय बाय फोर. आता हे झाकून रूटऐवजी घन घे आणि स्वतः कर. उत्तर तेच का आलं, हे खोलीतल्या मैत्रिणीला सांगून बघ.

अडलेले प्रश्न वेगळ्या वहीत उतरव, नुसते प्रश्न, उत्तरं नकोत. तीन दिवसांनी तेच कोऱ्या पानावर सोडव. माझ्या शिकवणीतली पोरं याचाच कंटाळा करतात, पण मी सोडत नाही.

आणि चुकलं तर गुण कापत नाहीत, तेव्हा शेवटची दोन मिनिटं राखून ठेव. एकही प्रश्न कोरा सोडू नकोस.